जांभूळ पिकायच्या आधीच गळतं, पिकलं तर आत अळी निघते : आधी काय बघायचं आणि कुठं थांबायचं

आधी लक्षणं सांगते. तुमच्या झाडाचं यातलं काय होऊन राहिलं ते नीट बघा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

मार्च-एप्रिलमध्ये झाडाखाली पांढरट पोपटी सडा पडतो आणि वाटतं, गेला सगळा मोहोर. एप्रिलच्या शेवटापासून नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपेपर्यंत हिरवी जांभळं गळतात, कुठं ज्वारीएवढी तर कुठं मटाराएवढी. जूनमध्ये फळ जांभळं व्हायला लागतं आणि पडतं, वरून एकदम चांगलं, फोडलं की आत पांढरी अळी वळवळते. पाऊस लागला की काही फळांवर पाणी भरल्यासारखे गोल खोलगट डाग येऊन ती सडतात. कुणाच्या झाडाच्या बेचक्यात भुसा आणि जाळं चिकटलेलं असतं. कुणाच्या फांद्या शेंड्याकडून वाळत येतात. आणि काहींच्या झाडाला मोहोरच येत नाही, झाड मात्र गर्द हिरवंगार.

ही सगळी वेगवेगळी दुखणी आहेत. पण लोक सगळ्यांना मिळून "जांभूळ गळून राहिलं, काही औषध सांगा ना" इतकंच विचारतात, आणि दुकानात गेलं की कोणतं ना कोणतं औषध मिळतंच.

माझं माहेर काटोलकडचं, संत्र्याची बाग होती. इथं नागपुरात आमच्या लेआउटमध्ये घराच्या कंपाउंडला लागून एक जांभूळ आहे, सासूबाईंनी 1996 ला बी टाकून लावलेलं. त्याच्या पायी मी हे सगळं शिकले, आणि मग शेजारपाजारची, नातेवाईकांची, मैत्रिणीच्या शाळेतली अशी कितीतरी झाडं बघितली. दहातल्या सात-आठ झाडांना औषध लागलंच नाही. सुरुवातीची एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. झाड भर फुलोऱ्यात होतं, एका दुकानदारानं सांगितलं आत्ताच फवारा म्हणजे फळ टिकेल, आम्ही संध्याकाळी पंप लावून फवारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर, तुळशीपाशी, नळाच्या खाली मेलेल्या मधमाश्या. झाडाखालच्या तर मोजल्याच नाहीत. त्या वर्षी जांभूळ एक टोपलीभरसुद्धा निघालं नाही. जांभळाच्या फुलाला फळ धरतं ते माश्यांच्या येण्याजाण्यानं, त्याच मारून टाकल्यावर झाड तरी काय करेल. म्हणून खाली सगळ्यात स्वस्त तपासणी पहिली आणि फवारणी अगदी शेवटी आहे, तो क्रम मोडू नका.

खाली पडलेलं उचलून बघा

रात्री झाडाखाली जुनी चादर किंवा लुगडं अंथरा, सकाळी त्यावर काय पडलं ते वेचा. अंगण झाडून गोळा केलेलं चालत नाही, त्यात चार दिवसांचं मिसळलेलं असतं.

मोहोराचे दिवस असतील तर पडलेलं एकेक हातात घ्या. जांभळाच्या फुलाच्या पाकळ्या सुट्या उमलत नाहीत, एकमेकींना चिकटून बारीक टोपीसारख्या असतात, फूल उमललं की ती टोपीच्या टोपी निघून पडते. मग पुंकेसर पडतात, पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यांसारखे. चादरीवर नुसत्या टोप्या आणि दोरे असतील तर काही बिघडलेलं नाही, फुलाचा खालचा हिरवा पेला वर झाडावरच आहे आणि त्याचंच फळ होणार आहे. हिरव्या पेल्यासकट अख्खं फूल पडत असेल तर ती खरी गळ. तीही बरीचशी झाडाच्या स्वभावातच असते, शंभर फुलांतली दहा-पंधरा फळापर्यंत पोचली तरी झाड लदलेलं दिसतं. एवढ्या एका तपासणीवर अर्धे लोक निश्चिंत होऊन घरी जातात.

हिरवी फळं पडली असतील तर दहा-बारा घ्या आणि चाकूनं आडवी कापा. आतून स्वच्छ हिरवी, बी जागेवर, कुठं छिद्र नाही, म्हणजे किडीचा संबंध नाही, पाण्याचा आहे. पिकायला आलेली पडली असतील तर देठाच्या आजूबाजूला आणि पोटावर सुई टोचल्यासारखा ठिपका शोधा. नाही दिसला तर भांडंभर पाण्यात दोन चमचे मीठ घालून त्यात जांभळं पंधरा-वीस मिनिटं ठेवा, अळी असली तर बाहेर येऊन तळाशी पडते. खायच्या आधीसुद्धा आमच्याकडे हेच करतो.

झाडाचं वय आणि जात

मोहोर येत नाही म्हणणाऱ्यांना मी आधी विचारते, किती वर्षांचं आहे आणि बी टाकलं की कलम लावलं? बियांच्या झाडाला फळावर यायला आठ ते दहा वर्षं लागतात, कलमाला पाच-सहा. सहा वर्षांच्या बियांच्या झाडाला काही झालेलं नाही, त्याला वेळ द्या. आणि फळ अगदी बारीक, बीच बी, गर नावाला, अशी तक्रार असेल तर ते लेंडी जांभूळ आहे. जंगलात, नाल्याच्या काठानं बहुतेक हेच असतं. खत घालून लेंडीचं रायजांभूळ (मोठ्या, गरदार फळाचं) होत नाही, त्यावर पैसे घालवू नका. सरबताला, व्हिनेगरला ते चांगलंच असतं आणि बिया पूड करायला कितीतरी लोक मागून नेतात.

पाणी : नागपुरात सगळ्यात जास्त इथंच अडतं

जांभूळ मुळात नाल्याकाठचं झाड. रामटेक-पेंचकडे गेलं की दिसतं, भर उन्हाळ्यात बाकीचं जंगल उघडंबोडकं आणि ओढ्याच्या कडेनं ही जांभळं हिरवीगार, कारण वरून ओढा आटला तरी खाली मुळाला ओल असते. तेच झाड आपण प्लॉटमध्ये लावतो, खोडाला चिकटून गट्टू (अंगणात बसवायचे सिमेंटचे ठोकळे) बसवतो, बाहेरून सिमेंटचा रस्ता येतो, आणि वर मे महिन्यातलं नागपूरचं ऊन. 23 मे 2013 ला इथं 47.9 अंश तापमान होतं. त्या आठवड्यात रोज सकाळी आमच्या झाडाखाली हिरव्या मण्यांचा खच असायचा, कापून बघितले तर एकातही कीड नाही. झाडाला पाणी पुरत नाही तेव्हा ते आधी फळ सोडतं आणि स्वतः वाचतं.

तपासायला खुरपं घ्या. दुपारी बारा वाजता झाडाची सावली जिथं संपते तिथं जा (आपल्याकडे 26 मेच्या आसपास सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, त्यामुळे त्या दिवसांत दुपारची सावली म्हणजे झाडाचा घेर) आणि तिथं हातभर खोल उकरा. खालची माती मुठीत दाबा. लाडू वळला तर ओल आहे. हातातून भुगा पडला किंवा काळ्या मातीत बोट जाईल एवढ्या भेगा दिसल्या तर तुमचं उत्तर सापडलं.

उपाय म्हणजे त्याच सावलीच्या कडेनं गोल आळं करायचं आणि पाणी तिथं द्यायचं, खोडाशी नाही. पाणी ओढणारी बारीक मुळं बाहेर असतात, खोडाशी ओतलेलं पाणी फक्त साल भिजवतं. फळावरच्या मोठ्या झाडाला मे-जून मिळून पाण्याच्या पाच-सहा पाळ्या मिळाल्या पाहिजेत. मी आठ-दहा दिवसांनी एकदा संध्याकाळी पाईप लावून आळं गच्च भरते आणि वर पालापाचोळा किंवा उसाचं पाचट टाकते. रोज तांब्या-तांब्या घालण्यापेक्षा हे कितीतरी बरं, रोजचं थोडं पाणी वरच्या दोन इंचातच वाळून जातं. एकदम कोरडं ठेवून मग एका दिवशी भरपूर दिलं तरी झाड गचका खातं आणि गळ वाढते, म्हणून एप्रिलपासूनच पाळी धरा.

याच्या उलटंही असतं. डिसेंबर ते फेब्रुवारी झाडाला भरपूर पाणी आणि युरिया दिला की ते पालवी काढत बसतं, मोहोर काढत नाही. हिरवंगार आणि वांझ झाड बघितलं की मी हिवाळ्यातल्या पाण्याचं विचारते. एका ओळखीच्या ताईंच्या बाथरूमचं पाणी बाराही महिने थेट झाडात जात होतं, ते नोव्हेंबरमध्ये दुसरीकडे वळवलं आणि पुढच्याच मार्चला मोहोर आला.

कुलरच्या टाकीचं पाणी झाडाला घालता का तेही बघा. उन्हाळाभर त्या टाकीत पाणी उडून जातं आणि क्षार खाली राहतात, ते पांढरं थर धरलेलं पाणी रोज एकाच जागी ओतलं की माती वरून पांढरी पडते आणि पानांच्या कडा करपतात. अधूनमधून ओतायचं तर दुसऱ्या झाडांमध्ये वाटून द्या.

आणि गट्टू. खोडाभोवती निदान 1 मीटर जागा मोकळी करा, जमलं तर जास्त. चार गट्टू सब्बलीनं उचलायला अर्धा तास लागतो. आमच्याकडच्या दोन झाडांची मेमधली गळ एवढ्यानंच पुढच्या वर्षी निम्म्यावर आली.

खत

यावर फार लिहिण्यासारखं नाही. मोठ्या झाडाला वर्षाला 70-75 किलो कुजलेलं शेणखत, पावसाच्या तोंडावर, त्याच आळ्यात. कच्चं शेण नको, त्यात हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. पानांवर बारीक फोड आलेत म्हणून पुष्कळ लोक घाबरतात, ते एका बारीक किड्यामुळे येतात आणि फळ गळण्याशी त्यांचा काही संबंध नाही, तसेच राहू द्या.

खोड आणि बेचकी : भुसा दिसतो का

माहेरी संत्र्यावर हे इतकं बघितलंय की लांबूनच ओळखू येतं. साल खाणारी अळी. फांद्या जिथं फुटतात त्या बेचक्यात लालसर तपकिरी, मळकट जाळ्याची पट्टी असते, भुसा आणि विष्ठा रेशमात विणल्यासारखी. ती बोटानं ओढली की पापुद्र्यासारखी निघते, खाली साल खाल्लेली दिसते आणि वरच्या टोकाला पेन्सिल जाईल एवढं भोक असतं. दिवसा अळी त्या भोकात बसते आणि रात्री जाळ्याच्या आडोशानं साल खाते. सालीतूनच पानांनी तयार केलेलं अन्न खाली मुळापर्यंत जातं, ती खाल्ली की मुळं उपाशी राहून झाड वर्षावर्षाला कमजोर होतं, आणि कमजोर झाड फळ धरून ठेवत नाही. म्हणून ही तपासणी महत्त्वाची, गळ वर दिसते आणि कारण खोडात असतं.

बाबा सायकलच्या चाकाची तार घेऊन जायचे, तेच मी करते. आधी जुन्या ब्रशनं सगळं जाळं साफ करायचं, नाही केलं तर भोक सापडत नाही आणि नवीन अळी कुठली ते पुढच्या वेळी कळत नाही. मग तार भोकात हळूहळू फिरवत आत घालायची. अळीला लागली की मऊ काहीतरी दबल्यासारखं हाताला जाणवतं आणि तारेच्या टोकाला ओलं येतं. त्यानंतर रॉकेल किंवा पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा काडीनं आत ढकलायचा आणि वरून चिखलानं बंद करायचं. (पेट्रोल वापरताना बिडी-सिगारेटवाला कोणी जवळ नको.) आठ दिवसांनी परत बघा. चिखलाशेजारी ताजा भुसा आला तर आतली अळी जिवंत आहे नाहीतर दुसरं भोक राहिलंय. पावसाळ्यानंतर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एकदा आणि जानेवारीत एकदा अशी दोनदा झाडं तपासा.

पिकलेल्यात अळी : फळमाशी

सगळ्यात जास्त हळहळ इथं होते, कारण फळ पिकलेलं असतं, पोरं खाली वाट बघून राहिलेली असतात आणि फोडलं की फेकून द्यावं लागतं. माशी फळ रंग धरायला लागलं की सालीखाली अंडी घालते, दोन-तीन दिवसांत अळी निघते, गर खाते, फळ पडतं, मग अळी फळातून निघून मातीत दोन-चार इंच जाते, तिथं कोष करते आणि पुन्हा माशी होऊन वर येते. आपल्याकडे जांभूळ पिकायला आणि जून मध्यातला पाऊस यायला एकच गाठ पडते, माती ओली आणि मऊ झाली की माशीचं फावतं.

म्हणून पहिला उपाय फुकटचा : पडलेलं प्रत्येक फळ रोज उचला. रोज म्हणजे रोज, एक दिवसाआड नाही, कारण अळी मातीत गेली की तुमच्या हातून सुटली. उचललेलं खड्ड्यात वरवर टाकू नका, कंपोस्टमध्ये तर अजिबात नको. दोन फूट खोल पुरा, किंवा प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून आठवडाभर उन्हात ठेवा. मेमध्ये झाडाखालची माती खुरप्यानं तीन-चार इंच खालवर करा, कोष उघडे पडतात, ऊन आणि मुंग्या, साळुंक्या बाकीचं काम करतात.

दुसरा उपाय सापळा. कृषी केंद्रात फळमाशीचा मिथाइल युजेनॉलचा सापळा मागा, फार महाग नसतो. एका झाडाला एक, मोठं असेल तर दोन, डोक्याच्या उंचीवर, सावलीत. टांगायचा 15 मेच्या आसपास, फळ हिरवं असतानाच. हे नीट समजून घ्या, या वासाला फक्त नर येतात. नर कमी झाले की माद्यांचा जोडा जमत नाही आणि पुढची पिढी कमी होते. पण जी मादी आधीच अंडी घालायला तयार आहे तिला सापळा अडवत नाही. जूनमध्ये अळ्या दिसल्यावर सापळा टांगणारे लोक म्हणतात, "काकू, डब्यात शंभर माश्या पडल्या तरी अळ्या काऊन?" त्याचं कारण हे. आणि शेजारच्या पेरूतली, आंब्यातली माशी तुमच्या जांभळावर येतेच, म्हणून चार घरं मिळून सापळे लावले तर गुण दिसतो. आमच्या गल्लीत सगळ्यांनी लावायला लागल्यापासून दहा जांभळांत एखादंच किडकं निघतं, आधी पाच-सहा निघायची.

फळ पूर्ण काळं झालं की झाडावर ठेवू नका. चौघांनी चादर धरा, पाचव्यानं आकड्यानं फांदी हलवावी, एक दिवसाआड.

खोलगट डागांची सड पावसामुळे वाढते. डागी फळं आणि खालचा सडका पाला उचलणं, आतल्या गर्दीच्या बारीक काड्या जुलैत काढून हवा खेळती ठेवणं, घरच्या झाडाला एवढं पुरतं.

फवारणी

मोहोर उमलायच्या आधी, कळी असताना निंबोळी अर्क चालतो. फूल उमलल्यापासून फळ मटाराएवढं होईपर्यंत कोणतंही कीटकनाशक नको. आणि फळ रंगात आल्यावरही नको, जांभूळ सोलून खात नाहीत, सालीसकट तोंडात जातं, आणि झाडाखाली उभी राहून खाणारी पोरंच असतात. बागायतदार गळ कमी करायला जिबरेलिक अ‍ॅसिड (झाडाच्या वाढीचं संप्रेरक) वापरतात, 60 पीपीएम म्हणजे लिटरभर पाण्यात 60 मिलिग्रॅम, एकदा पूर्ण फुलोऱ्यावर आणि एकदा फळ धरल्यावर 15 दिवसांनी. ज्यांची पन्नास झाडं आहेत त्यांनी ते कृषीवाल्यांना विचारून करावं. एका झाडासाठी मी कधी वापरलं नाही, पाणी नीट केल्यावर गरज पडली नाही.

इथं थांबा आणि माणूस बोलवा

जांभळाची फांदी ठिसूळ. आंब्याची वाकते, करकरते, सावध करते. जांभळाची चांगली मांडीएवढी जाड दिसते आणि एकदम तुटते. दरवर्षी जूनमध्ये जांभळावरून पडल्याची बातमी कुठून ना कुठून ऐकू येतेच. शिडीवरून हात पोचतो तेवढंच आपलं काम. त्याच्या वर अळीचं भोक असो की लदलेली फांदी असो, दोर आणि पट्टा घेऊन येणारा झाडकाम करणारा माणूस लावा.

फांदी विजेच्या तारेच्या जवळ असेल तर आकडासुद्धा लावू नका, ओला बांबूही वीज वाहतो. वीज कंपनीला कळवा, लाइन बंद करून ते कापतात.

खोडाच्या घेराची निम्म्याहून जास्त साल खाल्लेली असेल, बुंध्याशी अळंबी किंवा कडक कंगोऱ्यासारखी बुरशी उगवली असेल, खोडावर ठोकलं की पोकळ आवाज येत असेल, किंवा वावधनानंतर (वादळवाऱ्यानंतर) झाड कललं आणि एका बाजूची माती फुगून वर आली असेल, तर गळती-बिळती विसरा, खाली कोणाला बसू देऊ नका. गटारीचं किंवा पाइपलाइनचं खोदकाम होऊन मुळं तुटली असतील तर लगेच काही दिसत नाही, वर्ष-दोन वर्षांनी शेंडे वाळायला लागतात. तेही पाणी घालून सुधारत नाही, जाणकारालाच दाखवायचं. आणि आठ-दहा दिवसांत अख्ख्या झाडाची पानं झाडावरच वाळली तर एकही दिवस वाट बघू नका.

कापायचं ठरलं तरी झाड आपल्या कंपाउंडमध्ये आहे म्हणून आपलं आपण कापता येत नाही. शहरात महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू आहे, महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी आधी घ्यावी लागते, मोठ्या फांद्या छाटायच्या असतील तरीसुद्धा.

कृषी महाविद्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवायला जाताना नुसता मोबाइलवरचा झाडाचा फोटो नेऊ नका, हिरव्या झाडाच्या फोटोवरून कोणालाच काही सांगता येत नाही. त्याच सकाळी पडलेली दहा फळं, त्यातली पाच कापलेली, कागदात गुंडाळून. दोन्ही बाजूंनी पानं असलेली एक डहाळी. भुसा असेल तर जाळ्यासकट सालीचा तुकडा. आणि कागदावर लिहून, शेवटचं पाणी कधी दिलं, किती दिलं, गळ कोणत्या तारखेला सुरू झाली. प्लास्टिकच्या पिशवीत नेलं तर उन्हात रस्त्यातच उकडून जातं, कापडी पिशवी घ्या.